थायरॉइडची गोळी चालू आहे, तरी टीएसएच उतरत नाही. अनुभव आणि सल्ला हवा

देवगडकरीण
नमस्कार. वय ३९, आमची कलमं आहेत. गेल्या आंबा सीझनला पेट्या भरताना दुपारपर्यंतच हातपाय गळून जायचे. मे महिन्यात घरातले सगळे घामाघूम आणि मी रात्री चादर ओढून. केस मुठीने गळत होते, पाळी आठ-आठ दिवस, आवाज घोगरा. सगळे म्हणत, दगदग होते तुझी. शेवटी रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉइड कमी पडला की हा आकडा वाढतो) १८.४, अँटी-टीपीओ म्हणजे थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीज, त्याही खूप वाढलेल्या. ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. तीन महिन्यांनी टीएसएच ११. हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, ७, बी१२ १६२, ड जीवनसत्त्व १३.
मासे आठवड्यातून चार दिवस खाते, उन्हात राबते, तरी हे सगळं कमी कसं? जून-जुलैला मासेमारी बंद, मग श्रावण, म्हणजे गणपतीपर्यंत ताजं मासळीचं नाव नाही, त्यामुळे असेल का? सासूबाई म्हणतात मिठागरातलं खडे मीठ वापर, त्यात सगळं असतं. गोळी वाढवून घ्यावी का? जवळपास कोणाला दाखवावं? अगदी रडकुंडीला आलेय.

मालवणची काकू
बाय गो, घाबरू नको. माका चौदा वर्सां झाली ही गोळी घेतंय. तुझ्यासारखीच मी पण चादर घेऊन बसायचे, आज नातवाला घेऊन बंदरावर जाते. एकच विचारते, गोळी कशी घेतेस? खरं सांग हं.

देवगडकरीण
सकाळी पाणी भरून झालं की चहाबरोबर. त्याच वेळी आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी पण, म्हणजे विसरायला नको. कॅल्शियम पण तेव्हाच.

गुहागरचा औषधवाला
ताई, तीस वर्षं काउंटरमागे उभा आहे, हे इतक्यांदा पाहिलंय की हात जोडून सांगतो. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात, ती रक्तात नीट जातच नाही. रिकाम्या पोटीसुद्धा ती पूर्ण शोषली जात नाही, साधारण ६० ते ८० टक्केच. त्यात चहा, लोह, कॅल्शियम घातलं तर उरणार किती? तुम्ही ५० घेताय, पण शरीराला ५० मिळत नाहीत. उठल्याबरोबर साध्या पाण्याने घ्या, चहा-न्याहारी निदान अर्धा तास, जमलं तर तासभर नंतर. लोह आणि कॅल्शियम चार तासांनी पुढे. लोह दुपारी जेवताना लिंबू पिळून, कॅल्शियम रात्री. लोहाच्या आगेमागे चहा नको.
सकाळी जमतच नसेल तर रात्री झोपताना घ्या, शेवटच्या जेवणानंतर निदान तीन तासांनी. मग कॅल्शियम दुपारी चारला वगैरे.
आणि बाटली कुठे ठेवता? आपल्याकडे पावसाळ्यात चुलीजवळच्या किंवा खिडकीतल्या फळीवर ठेवलेल्या गोळ्या ओल धरतात. ओल, उष्णता, उजेड, तिन्हींनी हे औषध कमजोर होतं. झाकण घट्ट लावून आतल्या खोलीच्या कपाटात ठेवा. महिन्याभराच्या गोळ्या डबीत काढून ठेवायची सवय असेल तर सोडा.

चाकरमानी बोरिवली
माझ्या बहिणीला समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलनी फरक पडला असं ती म्हणते. आयोडीन कमी असेल, मागवून बघा.

रत्नागिरीतली नर्स
नको, कृपा करून नको. अँटी-टीपीओ वाढलंय म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उठली आहे, हाशिमोटो म्हणतात त्याला. जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली वर्णन केलेला हा आजार आयोडीनच्या कमतरतेचा नाही. शेवाळात आयोडीन बेहिशोबी असतं, जादा आयोडीनने अशी ग्रंथी आणखी बिघडू शकते. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरे.
खडे मिठाचंही तसंच. समुद्राचं म्हणून त्यात आयोडीन भरपूर असेल असं वाटतं, पण वाळवताना जवळजवळ काहीच उरत नाही. सासूबाईंना दुखवू नका, लोणच्याला आणि सुक्या मासळीला ते वापरा, रोजच्या आमटीत पाकिटातलं आयोडीनयुक्त मीठ. कोबी, नवलकोल शिजवून बिनधास्त खा.
आता तुमचा खरा प्रश्न. श्रावणाला दोष देऊ नका, ताई. बी१२चा साठा यकृतात वर्षानुवर्षं पुरतो, तीन महिने मासे नाहीत म्हणून १६२ होत नाही. बांगडा, तारली, तिसऱ्या खाणाऱ्या बाईचं बी१२ इतकं खाली म्हणजे पोटात गेलेलं शोषलं जात नाहीये. ॲसिडिटीची गोळी घेता का?

देवगडकरीण
हो. दोन वर्षं रोज एक, पॅन्टोप्राझोल. एकदा त्रास झाला तेव्हा दिलेली, मग दुकानातून आणत राहिले. कोणी थांबव म्हणालं नाही.

रत्नागिरीतली नर्स
हेच विचारायचं होतं. पोटातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी१२ सुटत नाही, लोह नीट शोषलं जात नाही आणि थायरॉइडची गोळीही कमी लागू पडते. तिन्ही तक्रारी एका जागी येतात. पण एकदम बंद करू नका, जळजळ उलटून येते. डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करायची.
त्यांना दोन गोष्टी आणखी विचारा. हाशिमोटो असलेल्यांमध्ये जठराच्या अस्तरावरही असाच हल्ला होऊ शकतो, त्यासाठी पॅरायटल पेशींच्या, म्हणजे जठरात आम्ल बनवणाऱ्या पेशींविरुद्धच्या, अँटीबॉडीज तपासतात. दुसरं, गव्हातल्या ग्लुटेनचा सिलिॲक आजार, तोही हाशिमोटोबरोबर जास्त दिसतो. बी१२ कमी असताना फॉलिक ॲसिडवर बरं वाटण्यात धोका आहे. आशाताई देतात त्या लोहाच्या गोळीत ते असतंच. त्याने रक्त सुधारतं, पण नसांचं नुकसान आतून चालू राहतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर वेळ दवडू नका.
पाळीचंही सांगते. थायरॉइड कमी असला की अंगावरून जास्त जातं, त्यातून लोह कमी होतं. आणि थायरॉइडचं हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमला लोह लागतंच. एक सुधारलं की दुसऱ्याला वाट मिळते, म्हणून दोन्ही एकदम धरायचं.

मालवणची काकू
उन्हाचं मी सांगते. कलमांत राबतेस तेव्हा डोक्यावर पदर, अंगभर बाह्या, आणि काम सगळं सावलीत. ऊन अंगाला लागतं कुठे? माझंही ड ९ होतं. डॉक्टरांनी ६०,०००ची आठवड्याला एक अशी आठ आठवडे दिली, दुधाबरोबर. मनाने महिनोन्महिने घेत बसू नकोस हं, जादा झालं तर ते साचतं. आणि नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी सोडू नकोस.

फोंडाघाट
डॉक्टरांबद्दल: आधी कणकवलीत एमडी मेडिसिन असलेल्या कोणालाही दाखवा, एवढ्यासाठी लांब जायची गरज नाही. जठराची तपासणी लागली किंवा दिवस राहण्याचा विचार असेल तर कोल्हापूर नाहीतर गोव्याला एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे तज्ज्ञ. गरोदरपणात या गोळीचा डोस लवकर वाढवावा लागतो, तिथे हयगय नको. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नुसतं तोंडी सांगू नका.

देवगडकरीण
नऊ आठवड्यांनी लिहितेय, क्षमा. कणकवलीला दाखवलं. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही, म्हणाले आधी वेळा सुधारा. गोळी आता रात्री, शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी. लोह दिवसाआड, दुपारी. ॲसिडिटीची गोळी सहा आठवड्यांत सुटली. बी१२ची इंजेक्शनं घेतली. जठराच्या अँटीबॉडीज नाहीत, सिलिॲकही नाही. टीएसएच ४.९, हिमोग्लोबिन १०.८. पाळी पाच दिवसांवर आली. काल सासूबाईंबरोबर खाडीवर तिसऱ्या काढायला गेले, भरती येईपर्यंत वाकून होते. काकू, तुम्ही त्या दिवशी गोळी कशी घेतेस विचारलं नसतं तर मी डोस वाढवून घेतला असता.
एक विचारायचं राहिलं. फेरतपासणी दोन महिन्यांनी आहे, त्या दिवशी काही पाळायचं का?

गुहागरचा औषधवाला
ताई, वाचून फार बरं वाटलं. दरवेळी त्याच लॅबमध्ये, सकाळच्या त्याच वेळेला रक्त द्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी थांबवा, त्याने रिपोर्ट खोटा येतो.

देवगडकरीण
घेतेय. लिहून ठेवते.