आई-बाबांना नाताळात क्रूझला न्यायचंय, पण जहाज जुनं आहे

प्रेषक: परभणीची लेक, ह्यूस्टन

नमस्कार मंडळी,

यंदा डिसेंबरात आम्ही परभणीला येतोय. मुलांच्या लेखी नाताळची सुट्टी म्हणजे झाड, दिवे आणि कुठंतरी फिरायला जाणं. या वेळी आई-बाबांनाही सोबत घ्यावं आणि मुंबईहून दोन-तीन रात्रींची क्रूझ करावी, असं फार मनात आहे. त्या आठवड्यात जहाजावर सजावट, गाणी, लहान मुलांसाठी सांताक्लॉज असं सगळं असतं म्हणे. बाबांची सत्तरी उलटली आहे, आईचे गुडघे दुखतात. दोघांनी समुद्र पाहिलाय तो चौपाटीवरून, तोही कुणाच्या लग्नाला मुंबईला गेले तेव्हा.

अडचणी अशा. भाऊ म्हणतो, मुंबईहून सुटणारं जहाज 1990 सालचं आहे, इतक्या जुन्या बोटीवर म्हाताऱ्या माणसांना कशाला नेतेस? आई म्हणते, मार्गशीर्षातले गुरुवार आहेत, उपासाचं काय? बाबा हो पण म्हणत नाहीत आणि नाही पण. कुणी आपल्या आई-वडिलांना घेऊन गेलं असेल तर मोकळेपणानं लिहा. दिवाळीच्या आत तिकिटं काढायची आहेत.

---

प्रेषक: नांदेडकर, फोर्ट लॉडरडेल

ताई, जहाजाच्या वयाचं मी सांगतो, माझं निम्मं आयुष्य इंजिनरूममध्ये गेलंय.

भाऊ ज्याबद्दल बोलतोय ते कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस. फ्रान्समध्ये सें-नाझेरच्या गोदीत बांधलं आणि 1990 मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावानं मायामीहून बहामाच्या तीन-चार रात्रींच्या सफरींवर लागलं. म्हणजे छोट्या सफरींसाठीच त्याचा आराखडा केला होता. पुढं नावं बदलली, मालक बदलले, 2021 पासून ते आपल्याकडं चालतंय. लांबी 211 मीटर, आकारमान 48 हजार टनांच्या वर. 2024 मध्ये इथं फ्लोरिडात आलेलं आयकॉन ऑफ द सीज हे जहाज जवळपास अडीच लाख टनांचं आहे, यावरून अंदाज घ्या.

जहाजाचं वय विचारण्यापेक्षा तपासणी विचारावी. प्रवासी जहाजाचं सुरक्षा प्रमाणपत्र एका वर्षाचंच असतं. दरवर्षी तपासणी झाल्याशिवाय ते पुन्हा मिळत नाही. शिवाय पाच वर्षांत निदान दोनदा जहाज कोरड्या गोदीत घेऊन तळ तपासावा लागतो. 2019 मध्ये मुंबईत आलेलं कर्णिका हेही 1990 चंच होतं. 2020 मध्ये ते अलंगला मोडीत गेलं, पण कोविडमध्ये धंदा बसला म्हणून. त्याच वयाचं एम्प्रेस त्यानंतर आपल्याकडं आलं. फ्लोरिडातही जुनी जहाजंच छोट्या सफरी करतात. पाम बीचहून बहामाला दोन रात्रींसाठी जाणारं मार्गारिटाव्हिलचं पॅराडाइज 1991 चं आहे, आम्ही एका नाताळाला मुलांना घेऊन त्यावर गेलो होतो आणि मुलं अजून त्या झाडाच्या गोष्टी सांगतात.

फरक पडतो तो खोल्यांत. त्या काळच्या जहाजांवर खोल्या लहान, बाल्कनीवाल्या तर मोजक्याच. पण दुखऱ्या गुडघ्यांना लहान जहाज मानवतं, कारण खोलीपासून जेवणघरापर्यंतची चाल कमी होते. खोली मागताना खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची आणि लिफ्टजवळची मागा. जहाज हलतं ते टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त. डिसेंबरात अरबी समुद्र बहुतेक शांत असतो. जून ते सप्टेंबरमध्ये मात्र आई-बाबांना मी नेणार नाही. आणि निघण्याआधीची मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठं जमायचं आणि लाइफजॅकेट कसं घालायचं याची तालीम, ती सगळ्यांनी मनापासून करायची. ‘आई दमलीय, खोलीतच राहू दे’ असं करू नका.

---

प्रेषक: लातूरकर, परतलेला

ताई, नक्की न्या. मी 2024 च्या नाताळात आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, आणि आईला घेऊन याच जहाजानं मुंबई-गोवा करून आलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कालनिर्णय काढा, बाकीचं नंतर. तुमचे बाबा हो म्हणत नाहीत त्यामागं मला येळवस दिसते, म्हणजे आपल्याकडं रानात साजरी करतात ती वेळ अमावस्या. त्या वर्षी वेळ अमावस्या 30 डिसेंबरला होती आणि दादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, येळवशीला मी रानात पाहिजे, त्याच्या अलीकडं कुठंबी न्या. पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे आणि गावजेवण सोडून जगातलं कुठलंच जहाज त्यांना नको होतं, आणि ते बरोबरच होतं. आम्ही नाताळ उरकून वेळेत परतलो. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून येळवस पुढं सरकून 7 जानेवारी 2027 ला येते. दत्तजयंती 23 डिसेंबरला आहे, तेव्हा माहूरला जाणारं घर असेल तर तेही आधी होऊन जातं. 24 ला मार्गशीर्षातला गुरुवार आहे. त्या दिवशी जहाजावर असाल तर उपासाचं बुकिंग करतानाच लेखी कळवा, ऐनवेळी वाढप्याला सांगून काही होत नाही. किंवा सरळ 25 नंतरची आणि 31 च्या गुरुवाराआधी संपणारी सफर घ्या, म्हणजे आईच्या मनाला रुखरुख राहणार नाही. 24 घेतलीत तर एक फायदा आहे, पौर्णिमा नुकतीच सरलेली असेल. रात्री डेकवर जा.

गाडीचं म्हणाल तर परभणीहून देवगिरी रात्रीची आहे आणि सकाळी सीएसएमटीला सोडते, तिथून बॅलार्ड पिअर, इंदिरा गोदी टॅक्सीनं जवळच. नांदेडहून वंदे भारतही ऑगस्ट 2025 पासून सुरू झाली आहे, परभणीला थांबते. पण जहाज गाडीची वाट बघत नाही, म्हणून आदल्या दिवशी मुंबईत पोचा आणि एक रात्र विसावा द्या. आमच्या आईला त्या एका रात्रीचाच खरा आधार झाला. इंदिरा गोदीतलं नवं क्रूझ टर्मिनल सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झालंय. व्हीलचेअर लागणार असेल तर आधीच नोंदवा, आणि आईला त्यात लाज वाटू देऊ नका.

पैशांचं नीट विचारून घ्या. आमच्या एजंटानं फोनवर जो आकडा सांगितला त्यात बंदर शुल्क, जहाजावरच्या नोकरमंडळींची टिप आणि जीएसटी धरलेलाच नव्हता. शेवटचा आकडा कागदावर आल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत. तुमची पासपोर्टं अमेरिकेची असतील तर पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) दोन्ही सोबत ठेवा.

आता जहाजावरचं. मधल्या चौकात मोठं झाड सजवलेलं, जिन्याच्या कठड्यांना हिरव्या माळा, संध्याकाळी गोव्याची-केरळची पोरं गिटार घेऊन कॅरल्स म्हणत होती. माझी भाचरं सांताच्या मागं पळत होती. आई झाडाजवळच्या सोफ्यावर बसली ती उठायलाच तयार नव्हती. तिच्या शेजारी चेंबूरची एक ख्रिस्ती आजी येऊन बसली. दोघींचं तासभर काय चाललं होतं विचारलं, तर एकमेकींना फराळाचं सांगत होत्या, ती कुलकुलांचं, ही करंजीचं.

दादांचं मात्र वेगळंच. पहिल्या रात्री खोलीत आंघोळीचा नळ सोडला, गरम पाणी धो-धो आलं, आणि त्यांनी लगेच बंद केला. तळहातावर थोडं पाणी घेऊन चाखलं. गोडं. मग टॉवेल खांद्यावर टाकून तसेच बाहेर आले आणि मला म्हणाले, “चहुकडं खारं पाणी, आन् हे गोडं पाणी कुठून आणायलेत? एवढी माणसं, रोज आंघोळी, टाकी तरी केवढी असंल?” तुम्ही परभणीच्या, तुम्हाला हा प्रश्न कळेल. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाणी घेऊन जलदूत रेल्वे लातूरला आली तेव्हा दादा नवीन रेणापूर नाक्याच्या टाकीवर घागरी घेऊन रांगेत होते. आमच्या गल्लीत तेव्हा टँकर यायचा वार ठरलेला होता आणि आंघोळीचं पाणी झाडाला जायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका कर्मचाऱ्याला गाठून विचारलं. त्यानं सांगितलं, समुद्राचंच पाणी जहाजावर गोडं करतात. दादा त्या दिवशी जेवायला उशिरा आले. कठड्याला धरून बराच वेळ पाण्याकडं बघत होते आणि मध्येच म्हणाले, “आपल्याकडं असतं हे, तर 72 चा दुष्काळ पडलाच नसता.” मी मुद्दाम काही बोललो नाही. नांदेडकर, हे पाणी करतात कसं ते तुम्ही लिहा, दादांना वाचून दाखवायचंय.

जेवण भरपूर, शाकाहारी वेगळं. भाकरी नव्हती, दादांनी पोळीवर भागवलं. मिरच्या मागितल्या की मिळतात. गोव्यात मुरगावला उतरल्यावर आम्ही जुन्या गोव्याला गेलो नाही. त्या हिवाळ्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं दर्शन चालू होतं, 21 नोव्हेंबर ते 5 जानेवारी, आणि नाताळात तिथं पाय ठेवायला जागा नसणार हे उघड होतं. मंगेशीला गेलो. आईनं तिथं देवळासमोरची दीपमाळ डोळे भरून पाहिली.

लोक म्हणतात मराठवाड्याचा आणि समुद्राचा काय संबंध. मला ते पटत नाही. धाराशिवजवळचं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दीच्या टिपणात पैठण आणि तगर दोन्हींची नावं आहेत, तिथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा आणि तिथून रोमन जगात. तेरच्या संग्रहालयात त्या काळच्या वस्तू आजही बघायला मिळतात. तुमच्या मुलांना या फेरीत तेही दाखवा. हे सगळं मी दादांना डेकवर सांगितलं, तर ते म्हणाले, “मग आपण उशीरच केला की यायला.”

---

प्रेषक: परभणीची लेक, ह्यूस्टन

लातूरकर काका, तुमची मेल बाबांना फोनवर वाचून दाखवली. येळवशीची तारीख ऐकली आणि त्यांनी लगेच विचारलं, “मग परत कधी यायचं?” म्हणजे होकारच! आमचं रान जिंतूर रस्त्याला आहे, मलाच ते सुचलं नव्हतं. आई 25 नंतरचं म्हणतेय. दोन प्रश्न राहिले: आईला गाडी लागते, तर जहाज लागलं तर काय? आणि फोनचं कसं करायचं?

---

प्रेषक: नांदेडकर, फोर्ट लॉडरडेल

ताई, फोन चढतानाच एअरप्लेन मोडवर टाका, सगळ्यांचे. किनारा सुटला की फोन जहाजावरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल फार येतं. आईसाठी एव्होमिनसारखी गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, बाकीची औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय अजिबात नको. गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर तिचा फारसा उपयोग नाही. आणि पोट रिकामं ठेवायचं नाही. जहाज डोललं तर खोलीत पडून न राहता डेकवर मध्यभागी बसून लांब क्षितिजाकडं बघावं.

लातूरकर, दादांना हे वाचून दाखवा. जहाजाचं इंजिन थंड ठेवायला त्याच्याभोवती पाणी फिरवतात. ते पाणी ऐंशी अंशांच्या आसपास तापतं. ही उष्णता एरवी वाया गेली असती. तीच एका बंद भांड्यातल्या समुद्राच्या पाण्याला देतात. त्या भांड्यातली हवा पंपानं ओढून घेतलेली असते. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी उशिरा उकळतं, इथं नेमकं उलट: दाब इतका कमी की पाणी चाळीस-पन्नास अंशांलाच उकळायला लागतं. मीठ खाली राहतं, वाफ वर जाते. ती वाफ गार समुद्रपाण्याच्या नळ्यांवर आपटली की तिचं गोडं पाणी होतं. मग त्यात क्षार मिसळून, जंतू मारून टाक्यांत भरतात. काही जहाजांवर याशिवाय घरच्या आरओचाच मोठा प्रकार असतो, समुद्राचं पाणी जोरानं पडद्यातून ढकलायचं. किनाऱ्याजवळ पाणी घाण असतं म्हणून हे काम खोल समुद्रात गेल्यावरच करतात, आणि बंदरातूनही पाणी भरून घेतात.

पण दादांना एक गोष्ट सांगायला हवी. हे पाणी स्वस्तात मिळतं ते इंजिन तसंही चालूच असतं म्हणून. लातूर समुद्रापासून लांब आणि सहाशे मीटरहून उंच, तिथवर हे पाणी चढवायचं तर वीज किती लागेल याचा हिशेब त्यांना घालून द्या. त्यांना आवडेल.

---

प्रेषक: लातूरकर, परतलेला

वाचून दाखवलं. दादांनी दोनदा वाचायला लावलं आणि “कुकरच्या उलट” या शब्दांपाशी थांबवून आईला स्वयंपाकघरातून बोलावलं. आता विजेचा हिशेब मागायलेत. तो माझ्यानं होणार नाही, नांदेडकर, तुम्हीच पाठवा.

ताई, 25 नंतरची सफर घेतलीत तर 31 ची रात्र टाळा. त्या रात्रीचं भाडं जास्त असतं आणि गाणं-बजावणं पहाटेपर्यंत चालतं, आई-बाबांना झोप मिळायची नाही. आणि या हिवाळ्यात मुंबईहून कोणतं जहाज लावलंय ते तिकीट काढताना नावानिशी विचारा. त्या जहाजाचा मजल्यांचा नकाशा मागवून घ्या आणि लिफ्टजवळची खोली स्वतः बोट ठेवून निवडा.