जकातमाफीनेच बायझंटाइन साम्राज्य बुडालं का?

गलबत:
१०८१ मध्ये नॉर्मन सरदार रॉबर्ट गिस्कार आजच्या अल्बानियातल्या, तेव्हा बायझंटाइन असलेल्या दुरसला वेढा घालून बसला. बायझंटाइन सम्राट अलेक्सियोसचं आरमार अगदीच तोकडं, म्हणून व्हेनिसला हाक मारली. मोबदला? १०८२ ची सनद: व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना १० टक्के जकात माफ, वर राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल) धक्के नि दुकानं. घरचा ग्रीक व्यापारी मात्र जकात भरतोय! १२०४ ला व्हेनिसच्या जहाजांतून आलेल्या क्रुसेडवाल्यांनी शहर लुटलं खरं, पण कडी आतून काढली ती १०८२ लाच.

खवचट:
सपशेल असहमत. गिस्कार आत घुसला असता तर जकात घ्यायला अलेक्सियोस उरला असता का? शिवाय पुढच्या शतकात ग्रीसमधल्या थीब्जचं रेशीम जोरात होतं, म्हणजे व्यापार काही मेला नव्हता. घोडचूक केली नंतरच्या सम्राट मॅन्युएलने. १२ मार्च ११७१ ला साम्राज्यभरातले व्हेनिसवाले एका दिवसात तुरुंगात, माल जप्त. भरपाईचं घोंगडं मग वर्षानुवर्षं भिजत पडलं.

गलबत:
पण मॅन्युएल एवढा का भडकला? त्याच्या बापाने १११८ मध्ये सनद चालू ठेवायला नकार दिला, तर व्हेनिसवाल्यांनी बेटं लुटली. ११२६ ला सनद मुकाट्याने परत द्यावी लागली. आणि ११४९ चा कॉर्फूचा वेढा. 'मित्र' असलेल्या व्हेनिसच्या खलाशांनी बादशाही जहाज पळवलं, एका काळ्या माणसाला राजवस्त्रं चढवून मॅन्युएलची नक्कल केली. (मॅन्युएल सावळा होता.) असले दोस्त!

फुकटचा वकील:
दोघेही एकट्या व्हेनिसवर अडकलात. इटलीतल्याच पिसाला ११११ मध्ये, जिनोव्हाला ११५५ मध्ये १० ऐवजी ४ टक्के जकातीची सवलत दिली, ती यांना एकमेकांत झुंजवायलाच. डाव वाईट नव्हता.

गलबत:
झुंजले की! आणि १२६१ ला ग्रीकांनी राजधानी परत घेतली, तेव्हाच्या करारानंतर जिनोव्हा तिच्या समोरच्या गलाटा वस्तीत ठाण मांडून बसलं. चौदाव्या शतकाच्या मध्यावर गलाटाची जकात वर्षाला २,००,००० सोन्याची नाणी, राजधानीची जेमतेम ३०,०००. हा आकडा बायझंटाइनांच्याच इतिहासकार ग्रेगोरासचा.

खवचट:
आकडा मान्य. पण सम्राट कांटाकुझिनोसने १३४८ च्या सुमारास त्यावर इलाज केला ना? राजधानीची जकात उतरवली, नवी जहाजं बांधली.

गलबत:
बांधली. १३४९ ला जिनोव्हाची गलबतं समोर येताच या नव्या जहाजांवरच्या नवशिक्या खलाशांनी घाबरून पाण्यात उड्या टाकल्या. लाकूड मिळालं हो, दर्यावर्दी कुठून आणणार?