पायथन: एका फेरीबोटीत घातलेली स्कूटर दुसऱ्या बोटीतही दिसते

मांडवीकाठ:
पायथन ३ मध्ये फेरीबोटींसाठी क्लास, म्हणजे ऑब्जेक्टांचा साचा, केलाय. क्लासमध्ये, सगळ्या मेथडच्या वर, दोन ओळी आहेत: क्षमता २० आणि वाहने म्हणून रिकामी लिस्ट. ऑब्जेक्ट दोन, पणजी-बेती आणि रायबंदर-चोडण. पणजीच्या वाहनांत स्कूटर अपेंड केली की चोडणच्या बोटीतही दिसते. क्षमता मात्र एकीची बदलली तर दुसरीची तशीच राहते. असं का?

म्हादई:
क्लासमधल्या त्या ओळी एकदाच चालतात, क्लास तयार होताना. त्यामुळे लिस्टही एकच, आणि ती क्लासची. ऑब्जेक्टकडे वाहने मागितली की पायथन आधी त्याच्या स्वतःच्या डिक्शनरीत (नावं आणि त्यांच्या किमतींच्या साठ्यात) शोधतो, तिथं नसेल तर क्लासमध्ये. दोन्ही बोटी त्याच लिस्टपाशी पोचतात आणि अपेंड तिच्यातच भर घालतं. क्षमतेला तुम्ही बरोबर-चिन्हानं नवी किंमत दिलीत. ती त्या ऑब्जेक्टच्या डिक्शनरीत गेली, क्लासमधली २० जागच्या जागी राहिली.

क्लासमधली वाहनांची ओळ काढा आणि इनिट मेथडमध्ये सेल्फच्या वाहनांना रिकामी लिस्ट द्या. इनिट दर ऑब्जेक्ट तयार होताना नव्यानं चालतं. क्षमता सगळ्यांना सारखीच असेल तर ती क्लासमध्येच बरी. पडताळायला व्हार्स फंक्शनला ऑब्जेक्ट द्या, ते त्याची स्वतःची डिक्शनरी दाखवतं. आत्ताच्या कोडमध्ये त्यात वाहने दिसणार नाहीत, बदलानंतर दिसतील.

सांगेवाडी:
इनिटच्या पॅरामीटरला डीफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट देऊ नका, नाहीतर तोच घोळ परत. डीफॉल्टही डेफची, म्हणजे मेथड लिहायला सुरुवात होते ती, ओळ चालताना एकदाच बनतो. तिथं नन (‘काहीच नाही’ ही किंमत) ठेवा आणि आत नन असेल तरच नवी लिस्ट करा. पायथन ३.७ पासूनचा डेटाक्लास (फील्डवरून इनिट आपोआप बनवणारी सोय) वापरलात तर डीफॉल्ट लिस्ट दिल्यावर क्लास बनतानाच व्हॅल्यूएरर येतो, हे फार चांगलं आहे. तिथं फील्डच्या डीफॉल्ट-फॅक्टरीला लिस्ट हे नुसतं नाव द्या, पुढे कंस न लावता.

मांडवीकाठ:
इनिटनं जमलं. पण जुन्या कोडमध्ये अपेंडच्या जागी अधिक-बरोबर टाकून पाहिलं. व्हार्समध्ये वाहने दिसतात, तरी स्कूटर दोन्हीकडेच!

म्हादई:
बरोबर आहे, व्हार्सची पडताळणी इथं अपुरी पडते. लिस्टवर अधिक-बरोबर दोन कामं करतं: आधी क्लासच्याच लिस्टमध्ये भर घालतं, मग तीच लिस्ट ऑब्जेक्टच्या नावावरही चढवतं. दोन्ही बोटींच्या लिस्ट इज या ऑपरेटरनं ताडून पाहा. ट्रू आलं तर लिस्ट एकच.

सांगेवाडी:
जावास्क्रिप्टमधून आलेल्यांनी विशेष जपावं. तिथं क्लासमध्ये अशीच लिहिलेली फील्डची ओळ दर ऑब्जेक्टला नवा अ‍ॅरे देते.