शिकाऊ घ्या, पण शिकवणार कोण?

वर एकांनी लिहिलंय की रुग्णालयांत शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्तातला वॉर्डबॉय. बऱ्याच ठिकाणी तसंच चालतं, नाकारत नाही. पण दोष शिकाऊ उमेदवारी कायद्याचा नाही. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात, विद्यावेतनही द्यावं लागतं. घोडं पेंड खातं ते शिकवण्यात.

रक्त काढायचंच बघा. शीर सापडणं सरावाने जमतं. पण सायट्रेटची निळ्या झाकणाची ट्यूब आधी आणि ईडीटीएची जांभळी नंतर का (दोन्ही रक्त गोठू न देणारी रसायनं), हे कुणीतरी शेजारी उभं राहून सांगावं लागतं. ईडीटीएचा अंश पुढच्या सीरमच्या (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाच्या) ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं, कॅल्शियम कमी. पेशंटच्या घरी नसता घोर. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरली नाही तर रक्त गोठण्याचा रिपोर्टही चुकतो.

आपल्या पुण्यात डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) झालेली मुलं कमी नाहीत. हे सांगणारा सीनियर मात्र सकाळी उपाशीपोटी आलेल्यांच्या रांगेत अडकलेला (आणि रांगेतले काका घड्याळ दाखवत असतात, ते वेगळंच). त्याच्या ड्युटीतच शिकवण्याचा वेळ धरा, त्याचे वेगळे पैसे द्या. विद्यावेतन वाढवण्याआधी मी हे मागेन.