हाताने केलेली भेट : आधी विचारावं की न विचारता द्यावी?

साखळीटाका

भरतकाम आणि क्रोशा, म्हणजे आकड्याच्या एकाच सुईने केलेलं विणकाम, ही माझी रोजची सोबत. हातात काही नसलं की संध्याकाळ रिकामी वाटते. साहजिकच वर्षभरात बरंच काही तयार होतं आणि त्यातलं बहुतेक कोणा ना कोणाला भेट म्हणून जातं. या भेटींबद्दल माझं एक ठाम मत झालंय, ते मांडते. पटलं नाही तर जरूर भांडा.

हाताने केलेली वस्तू कोणाला द्यायची असेल तर सुई उचलण्याआधी त्या माणसाला विचारावं. आणि एकदा दिली की पुन्हा कधीही तिची चौकशी करू नये.

विकतची भेट नाही आवडली तर माणूस ती बदलून आणतो, पुढे कोणाला तरी देऊन टाकतो किंवा चक्क विसरतो. हाताने केलेल्या भेटीच्या बाबतीत या तिन्ही वाटा बंद. माझ्या एका मैत्रिणीकडे नात्यातल्या बाईंनी भरून दिलेला टेबलक्लॉथ आहे. काम बघत राहावं असं. चारही कोपऱ्यांत फुलांचे गुच्छ, सहापदरी दोऱ्याचा एकच पदर घेऊन भरलेल्या पाकळ्या, मधे फ्रेंच नॉटचे, म्हणजे सुईला दोरा गुंडाळून काढलेल्या ठिपक्यांसारख्या टाक्यांचे पराग. उलटा करून बघितला तरी कुठे गाठ नाही की लोंबता दोरा नाही. पण मैत्रिणीचं टेबल गोल आहे आणि टेबलक्लॉथ लांबट. शिवाय त्याच टेबलावर तिची मुलं रंग कालवतात. त्या बाई भेटल्या की पहिला प्रश्न, “वापरतेस ना गं?” आणि ही दर वेळी “हो” म्हणते. ते खोटं तिला बोचतं. आता तर ती त्यांना घरी बोलवायचंच टाळते. भेटीमुळे दोन माणसं लांब गेली. “तुझं टेबल केवढं आहे?” एवढं आधी विचारलं असतं तर हे झालंच नसतं.

दुसरं असं की करणारीला तिचा वाटा करतानाच मिळालेला असतो. दिवसभराचा वैताग, मनात घोळणारी बोलणी, उद्याची काळजी, सगळं ओळीमागून ओळ विणताना हळूहळू शांत होतं. खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, मोजताना डोक्यात दुसरं काही टिकतच नाही. मग पुन्हा घेणाऱ्याकडून वापराची पावती कशाला मागायची?

मुकाखांब

ताई, नंतर चौकशी करू नये हे शंभर टक्के मान्य. आधी विचारावं हे मात्र मुळीच मान्य नाही.

विचारल्यावर काय उत्तर येतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. “अगं, कशाला एवढा त्रास घेतेस?” मनातून हवी असलेलीही हेच म्हणते आणि नको असलेलीही हेच. काही जण भिडेखातर “चालेल की” म्हणतात. म्हणजे विचारून कळलं काय? उलट आता तिला माहीत झालं की काहीतरी येणार आहे. ती वाट बघणार, तुम्ही मुदत पाळणार. ही भेट राहिली नाही, ऑर्डर झाली.

त्यापेक्षा बघावं. ती कुठले रंग घालते, घरात मुळात काही अंथरते का, की तिला सगळं मोकळं, सुटसुटीत आवडतं. टेबलाचं माप त्या बाईंना एकदा घरी गेल्यावर दिसलंच असेल. त्यांनी विचारलं नाही म्हणून घोटाळा झाला नाही. टेबल पाहिलं आणि लक्षात ठेवलं नाही म्हणून झाला.

आणि एक स्वतःचा अनुभव सांगते. माझं आणि माझ्या बहिणीचं बोलणं बंद होतं. कारण आता सांगण्यासारखंही नाही. त्या काळात मी तिच्यासाठी शाल विणायला घेतली. सुरुवातीच्या ओळी इतक्या घट्ट आल्या होत्या की सुई आत शिरेना. राग हातात उतरतो हे क्रोशावाल्यांना वेगळं सांगायला नको. त्या तशाच ठेवल्या, उसवल्या नाहीत. विणत गेले तसा हात सैल होत गेला. शिंपल्यांच्या आकाराच्या टाक्यांच्या कडेपर्यंत आले तेव्हा तिच्याशी काय बोलायचं ते मनात जुळलं होतं. मग फोन केला. शाल अंगावर घेतली की अजूनही एका टोकाला ती जरा आखडलेली दिसते. सांगा, ही शाल मी तिला विचारून कशी विणणार होते?

घडीमोड

मला विणता येत नाही, भरताही येत नाही. मी घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे आणि साखळीटाका यांच्या मताचा आहे.

आमच्या घरी क्रोशाच्या गोल जाळ्या, भरलेले अभ्रे, मोबाइल ठेवायच्या पिशव्या असा एक भरलेला खण आहे. दिलेली सगळी माणसं आवडती. त्यामुळेच काही टाकवत नाही, कोणाला देववत नाही आणि खण रिकामा होत नाही. मी ज्यांच्याशी बोललो त्या करणाऱ्यांपैकी कोणालाच यात घेणाऱ्याची अडचण असू शकते हे पटत नाही.

यामागे एक कारण आहे. स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूची किंमत आपल्याला जास्त वाटते, त्याला ‘आयकिया इफेक्ट’ म्हणतात. नॉर्टन, मोचन आणि एरिएली या तिघांचा त्यावरचा शोधनिबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका प्रयोगात लोकांना कागदाचे बगळे आणि बेडूक घडी घालून करायला दिले होते. करणाऱ्या नवशिक्यांनी आपल्या वस्तूला जवळजवळ तज्ज्ञांच्या कामाइतकी किंमत लावली. बाकीच्यांच्या लेखी त्याच वस्तू जेमतेम कशातरी किमतीच्या होत्या. म्हणजे “मी निरीक्षण करून बरोबर ओळखते” असं म्हणणाऱ्या व्यक्तीची नजर, वस्तू पूर्ण होईपर्यंत, तटस्थ राहिलेली नसते. म्हणून सुरुवातीलाच विचारा.

मुकाखांब ताई, तुमच्या शालीचं मनाला भिडलं. पण त्या कामात खरी भेट तुमचा फोन होता असं मला वाटतं.

निळीशाई

घडीमोड, कागदी बगळा काही मिनिटांत होतो. तो आणि महिनोन् महिने विणलेली शाल एका मापाने मोजता येणार नाहीत. शिवाय दुसरी बाजूही अभ्यासकांनी पाहिली आहे. फुक्स, श्रायर आणि व्हान ओसेलर यांचा २०१५ चा हस्तनिर्मित वस्तूंवरचा निबंध आहे. त्यात असं दिसलं की जवळच्या माणसाला द्यायची वस्तू असेल तर लोक हाताने केलेली पसंत करतात, कारण तिच्यात करणाऱ्याचं प्रेम उतरलंय असं त्यांना वाटतं. अनोळखी माणसाने केलेली असली तरीही.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. या धाग्यावर भरतकाम आणि क्रोशा एकाच दमात घेतले जाताहेत, आणि ‘हाताने केलेलं’ याचा दोन्हीकडे अर्थ एक नाही.

मोजे विणायचं यंत्र विल्यम ली यांनी १५८९ मध्येच केलं. भरतकामाचं यंत्र जोसुए हाइलमान यांनी १८२८ च्या सुमारास केलं आणि १८६३ मध्ये इझाक ग्रोब्ली यांचं शिफ्ली यंत्र आल्यावर लेस आणि भरलेलं कापड भराभर निघायला लागलं. म्हणजे भरतकामात हात आणि यंत्र यांतली निवड दीडशे वर्षांहून जुनी आहे. तुम्ही आज हाताने पाकळी भरता ती यंत्र असूनही भरता, म्हणून ती खास.

क्रोशाचं तसं नाही. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ एकाच वेळी सुईवर असते, त्यामुळे यंत्राला ती ओळ एकत्र पुढे नेता येते. क्रोशात बहुधा एकच फास जिवंत असतो. प्रत्येक खांब पुरा करूनच पुढचा घ्यायचा, आणि सुई विणीत कुठेही, कोणत्याही दिशेने खुपसता येते. हे कारखान्यातल्या यंत्राला जमलेलं नाही. क्रोशासारखं दिसणारं कापड यंत्रावर निघतं, पण नीट बघितलं की त्यातले फास वेगळे दिसतात. खरा क्रोशा असेल तर तो कोणीतरी बसून विणलेला असतो, तो कितीही स्वस्त विकला जात असो.

म्हणून “विकतची भेट सहज विसरता येते” हे साखळीटाका यांचं वाक्य मला खटकलं. विकत घेतलेल्या क्रोशाच्या टोपीमागेही कोणाचे तरी हात आणि तास आहेत, आणि त्या बाईला त्याचे किती मिळाले हा प्रश्न आहेच. आपल्या ओळखीच्या हातांबद्दल आपण एवढं हळवं व्हायचं आणि अनोळखी हातांबद्दल अजिबात नाही, हे बरोबर नाही.

दोनपदरी

वाद चालू दे, पण बाळाला काही करून देणार असाल तर आईबापांना विचाराच. इथे भावनेचा संबंध नाही.

मोठ्या जाळीच्या पांघरुणात बाळाची बोटं अडकतात. आतल्या बाजूने सुटलेला दोरा पायाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्त अडू शकतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागेत सैल पांघरूण आणि मऊ खेळणी ठेवू नयेत असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे तुमचं ब्लँकेट सुंदर असूनही ते पाळण्यात घालणार नाहीत, आणि तुम्हाला वाटेल की त्यांना आवडलं नाही. अमिगुरुमीला, म्हणजे क्रोशाच्या छोट्या बाहुल्या-प्राण्यांना, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी प्लास्टिकचे डोळे लावूच नका, ते ‘सेफ्टी’ डोळे म्हणून विकले जात असले तरी. डोळे दोऱ्याने भरा.

एक मोठ्यांसाठीही : गरम भांडं धरायचे रुमाल अ‍ॅक्रिलिकचे विणू नका. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने वितळतं. सुतीच वापरा.

अजून_एक_ओळ

मला यातलं सगळ्यात जास्त छळतं ते “मलापण एक करून दे ना” हे वाक्य. एकीला दिलेली पिशवी बघून बाकीच्या मागतात, आणि “लोकरीचे पैसे देते की” म्हणतात. तासांचं काय? मी आता सरळ नाही म्हणते. देईन ते माझ्या मनाने देईन.

साखळीटाका

एकेकाला उत्तर देते.

निळीशाई, तुमचा मुद्दा मान्य, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटला. विकतची भेट विसरता येते असं मी म्हटलं ते घेणाऱ्याच्या मोकळेपणाबद्दल होतं. करणाऱ्या हातांची किंमत कमी लेखायची नव्हती.

मुकाखांब ताई, “हवं का?” असं विचारलं की भिडेचं उत्तर येतं, हे अगदी खरं. म्हणून मी “हवं का?” असं विचारतच नाही. लोकरीचे दोन गुंडे समोर ठेवते आणि “यातला कुठला?” म्हणते. किंवा नक्षीचे दोन नमुने दाखवते. ज्याला खरंच हवं असतं तो लगेच पुढे होतो, हात लावून बघतो, “हा जरा टोचतोय” म्हणतो. ज्याला नको असतं तो “दोन्ही छान आहेत” म्हणून विषय बदलतो. तेवढ्यावर मला कळतं आणि त्याला नकाराचा शब्दही काढावा लागत नाही. लोकर अंगाला सोसत नाही, हातानेच धुवावी लागणारी वस्तू झेपणार नाही, या गोष्टी नुसतं बघून कळत नाहीत. त्या बोलण्यातूनच निघतात.

तुमची शाल मात्र माझ्या नियमात बसत नाही, आणि मला ती ओढूनताणून बसवायचीही नाही. तुम्ही ती विणलीत ते बहिणीपर्यंत पोचण्यासाठी. माझा सगळा रोख नेहमीच्या निमित्तांच्या भेटींवर आहे, जिथे आपण “काहीतरी करून देऊ” म्हणून सुरू करतो आणि माणूस मागे पडून वस्तूच पुढे येते.

मुकाखांब

दोन गुंडे समोर ठेवायची युक्ती चांगली आहे, नाकारत नाही. पण त्यातही घेणाऱ्याला कळतंच की काहीतरी विणलं जाणार आहे. माझ्यासाठी त्या न कळण्यातच सगळं आहे. कोणी आपल्या नकळत आपल्याला इतके दिवस मनात धरून होतं, हे पुडकं उघडताना कळतं, तो आनंद विचारून केलेल्या वस्तूत नसतो. एखादी वस्तू खणात पडली तर पडू दे. मला ती जोखीम चालते.

आणि घडीमोड दादा, फोन मी शालीशिवाय केला नसता. म्हणून दोन्ही वेगळे काढू नका.

तुमच्या खणाबद्दल मात्र सांगते, करणारी म्हणून. त्यातली एखादी जाळी ज्याला खरंच आवडेल अशा कोणाला देऊन टाका. मी दिलेली वस्तू तिसऱ्याच कोणाच्या घरी रोज वापरात दिसली तर मला राग येणार नाही, बरंच वाटेल. ज्यांना राग येतो त्यांच्याशी आपण सगळ्यांनी मिळून भांडू.

घडीमोड

हे करणारीच्या तोंडून ऐकायची गरज होती. दोन अभ्रे आजच बाजूला काढतो.

मत बदललेलं नाही, विचारूनच द्यावं. पण एक विनंती दोन्ही बाजूंना : वस्तूबरोबर धुण्याची चिठ्ठी द्या. गरम पाण्यात लोकर आटते हे आम्हाला माहीत नसतं. आमच्याकडे एक स्वेटर असाच बाहुलीच्या मापाचा झाला आणि आम्ही ते देणाऱ्यांना अजून सांगू शकलेलो नाही.

दोनपदरी

चिठ्ठीला जोरदार अनुमोदन. त्यासोबत उरलेल्या लोकरीचं छोटं वेटोळं आणि गुंड्यावरची कागदी पट्टीही द्या. पट्टीवर रंगाचा क्रमांक आणि लॉट नंबर, म्हणजे लोकर कुठल्या खेपेत रंगवली त्याचा क्रमांक, असतो. एकाच क्रमांकाचा रंगही लॉट बदलला की किंचित वेगळा येतो, मग डागडुजी उठून दिसते. लाल किंवा गडद निळ्या दोऱ्याने पांढऱ्यावर भरलं असेल तर देण्याआधी स्वतः एकदा गार पाण्यात धुऊन बघा, रंग जातो का ते.

मुकाखांब

पट्टी मी टाकून देत असे. यापुढे शालीच्या घडीतच ठेवेन. विचारणार मात्र नाही.