'पैसे फेका, प्रोग्रॅमर ठेवा' म्हणणाऱ्यांसाठी

नफातोटा: काल एका महाशयांनी ठोकून दिलं, 'धंदा करणाऱ्याने कोडिंग शिकणं म्हणजे वेळेची नासाडी. ॲपलच्या जॉब्सने कुठे कोड लिहिला? पैसे फेका, माणूस ठेवा.' डोकं फिरलं वाचून. अहो, जॉब्सकडे सगळं तांत्रिक काम बघणारा वॉझ्नियाक होता, आणि तो पगारी नव्हता, १९७६ पासून भागीदार होता. तुमच्याकडे कोण आहे? मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतोय ते प्रोग्रॅमर व्हायला नाही. आमचं सॉफ्टवेअर करणारा ठेकेदार कशालाही 'दोन आठवडे' म्हणायचा. आता गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीत, कोणी काय बदललं ते मला दिसतं. त्याचा परवाचा 'मोठा बदल' उघडला, तर एका ओळीत बटणावरच्या 'सबमिट'चं 'पाठवा' केलेलं. बस्स.

सेमीकोलन: घ्या, आणखी एक मालक कोड रिव्ह्यूला बसले! ती एक ओळ दिसली. बटणाच्या नावावर बेतलेल्या, कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्ट मोडल्या असतील, त्या कोण निस्तरणार? आमच्या साहेबांनी असंच शिकून थेट प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहकांच्या चालू डेटाबेसवर, माहिती बदलणारी अपडेट क्वेरी चालवली. कोणाची माहिती बदलायची ते सांगणारं 'व्हेअर' राहून गेलं. सगळ्या ग्राहकांचा पत्ता एकच! आम्ही रात्रभर बॅकअप चढवतोय आणि साहेब 'माझा शिकण्याचा प्रवास' लिहितायत.

नफातोटा: प्रॉडक्शनचा पासवर्ड त्यांना दिला कोणी?

सेमीकोलन: पगार कोण देतं? मग नाही कसं म्हणणार!

खातेवही: एवढी मारामारी कशाला? एक्सेल शिका. आमचा सगळा धंदा त्यावर चालतो.

सेमीकोलन: एक्सेल?! २०२० साली इंग्लंडात कोरोनाच्या जवळपास १६ हजार केसेस यादीतून गळल्या. एक्सेलच्या जुन्या, एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळीच बसत नाहीत.

खातेवही: जुनी फाइल वापरली तर एक्सेलने काय करावं? नवीन घ्या, १०,४८,५७६ ओळी.

तिरकस: जनुकांच्या नावांची एक्सेल तारीख करून टाकायचं, म्हणून शेवटी शास्त्रज्ञांनी नावंच बदलली. कोण जिंकलं ते बघा. :)

सेमीकोलन: १९०० लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेल मानतं. लोटस या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमची चूक जपून ठेवलीय!

खातेवही: १९०० सालची बिलं काढता का तुम्ही?

नफातोटा: अहो, धागा कशावर आहे?

तिरकस: तसंही आता एआय लिहून देतं की. शिकायचं कशाला?

नफातोटा: एआयनेच दिला होता आमच्या बिलांचा कोड. रकमा फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात! पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारा, ०.३०००००००००००००००४ सांगतं. दिवसाची बेरीज जुळेना. कोड वाचता आला म्हणून दशांश अचूक ठेवणारं डेसिमल वापरायला लावलं, ठेकेदाराला पत्ताच नव्हता.

सेमीकोलन: हे पकडलंत? बरं, तुमचा ठेकेदार बदला. वाचण्यापुरतं शिका, हरकत नाही. डेटाबेस मात्र रीड-ओन्ली, बघा पण बदलू नका. आणि खातेवही, तुमच्या एक्सेलमध्येही फ्लोटच असतात बरं का.

खातेवही: असतील. पण ते चारचौघांत दाखवत नाही. तेवढी रीत पायथनलाही शिकवा.