गळाने मासे धरायला गोठलेल्या तलावाच्या बर्फाला भोक पाडलं की पाणी वर का येतं? आलं तर काय करायचं?

गळकरी:
बर्फ ३५ सेंमी, घट्ट आणि पारदर्शक. त्यावर वाऱ्याने दाबून बसलेलं जुनं हिम, सुमारे २० सेंमी. २० सेंमी रुंदीच्या ऑगरने (बर्फ पोखरायच्या गिरमिटाने) भोक आरपार गेलं रे गेलं की पाणी वर येतं आणि थोड्या वेळात तंबूत घोटाभर रबडा, म्हणजे पाणी मुरलेलं हिम. दोन बाय दोन मीटर जागा फावड्याने साफ केली तर पाणी नेमकं तिथेच साचतं. बर्फ कच्चा आहे असं समजायचं का? तंबू दोन दिवस त्याच जागी ठेवायचाय, शेजारी स्नोमोबाइल (हिमावरची गाडी) असेल. रात्री उणे १५, दिवसा उणे ५.

तळठाव:
बर्फ कच्चा नाही, दबलेला आहे. बर्फाची घनता ९१७ किलो प्रति घनमीटर, म्हणजे तरंगताना जेमतेम ८ टक्के भाग पाण्याच्या वर राहतो. तुमच्या ३५ सेंमीतला वर राहणार ३ सेंमीपेक्षाही कमी. तेवढ्या उंचीवर दर चौरस मीटरला साधारण २९ किलो ओझं पेलतं. ताजं भुरभुरीत हिम घनमीटरला १०० किलोच्या आसपास असतं, ते २० सेंमी असतं तरी चाललं असतं. वाऱ्याने दाबलेलं हिम ३०० किलोपर्यंत जातं, म्हणजे तुमच्याकडे चौरस मीटरला ६० किलो. बर्फाचा माथा पाण्याच्या पातळीखाली ३ सेंमी गेलेला आहे. फक्त वाट नव्हती म्हणून पाणी वर येत नव्हतं. ती वाट ऑगरने करून दिली.

आणि ते ३ सेंमीवर थांबत नाही. हिमात झिरपलेल्या पाण्याचंही वजन होतं, बर्फ आणखी खाली बसतो, आणखी पाणी येतं. तुमचे आकडे धरले आणि पाणी सगळीकडे पोचलं, तर रबडा ९ सेंमीच्या आसपास जाऊन थांबेल. घोटाभर म्हणताय ते बरोबर जुळतं.

साफ केलेल्या चौकोनाचं कारणही तेच. एवढ्या जाडीचा बर्फ वाकतो तो आजूबाजूचा कित्येक मीटरचा पट्टा मिळून. चार चौरस मीटरवरचं हिम काढल्याने तेवढाच तुकडा वर उचलला जात नाही. उलट बाहेरच्या हिमाची भिंत आणि मध्ये खड्डा, असा आयता हौद तयार होतो.

गळकरी:
म्हणजे हिम काढायचंच नाही?

तळठाव:
या परिस्थितीत नाही. तुडवायचं. आदल्या दिवशी दुपारी स्नोशू (हिमावर चालायचे रुंद तळाचे जोडे) घालून तंबूच्या जागेपेक्षा दोन-दोन मीटर जास्त पट्टा नीट तुडवा. कडेला एक-दोन भोकं पाडून पाणी मुद्दाम येऊ द्या, रबडा झाला की पुन्हा तुडवा आणि रात्रभर उघडं सोडा. सुटं हिम पांघरुणाचं काम करतं, त्याखालचा रबडा कडाक्याच्या थंडीतही आठवडेच्या आठवडे ओला राहतो. दाबलं की थंडी खाली उतरते. रबड्यात बराच बर्फ आधीच असल्यामुळे तो नुसत्या पाण्यापेक्षा लवकर धरतो. उणे १५ च्या एका रात्रीत वर चालण्याजोगं कवच येतं. तंबू त्यावर.

ध्रुवकाठी:
भोकाबद्दल थोडं. अर्धं पाणी लोक स्वतःच वर काढतात. आरपार गेल्यावर ऑगर फिरत असताना झटक्यात उपसला की भोकातलं पाणी पात्यांवर चढून बाहेर येतं. ३५ सेंमी बर्फातल्या तुमच्या भोकात ११ लिटर मावतं. मोटर बंद करा, हळू वर घ्या. कीस आधीच भोकाभोवती गोल रचून पाळ केलेली असू द्या.

पातळीच वर असेल तर पाळ पुरत नाही, गळपट्टी लागते. २० लिटरची प्लास्टिकची बादली, बूड कापलेली. भोकाभोवती नागव्या बर्फापर्यंत खरवडा, बादली उपडी न करता भोकावर मधोमध ठेवा, बाहेरून ओला रबडा थापून थोडा वेळ गोठू द्या. आत पाणी तलावाच्या पातळीला येऊन थांबतं, काठ त्याच्या वर राहतो. बुडाशी एक बोटभर फट राहिली तरी सगळं व्यर्थ, म्हणून थापण्यात कंजुषी नको. मासा मोठा असेल तर काठावर दोरी घासते, काठ आधी पॉलिश पेपरने गुळगुळीत करा.

तंबूच्या झालरीवर हिमाचे ढीग रचू नका. ते पुन्हा ओझंच. खिळे किंवा बर्फाचे स्क्रू पुरेसे. आत हीटर असेल तर खालची फरशी वितळणारच, तेव्हा फळ्यांवर बसायची सोय करा आणि हवेला वर-खाली दोन झरोके उघडे ठेवा.

ओलीवाट:
स्नोमोबाइल रबड्यात थांबवू नका, एकसारख्या वेगाने पार व्हा, आणि पुढच्याच्या चाकोरीत शिरू नका. ती चाकोरी आता पाण्याने भरलेली असते. उभी करायची तर लाकडी ठोकळ्यांवर. गाडीचा फिरता पट्टा आणि त्यावरचं आवरण यांमधला रबडा लगेच काढला नाही तर सकाळी सगळं एकजीव दगड.

जाडी मोजताना एक फसवणूक ध्यानात घ्या. रबड्यावर कवच धरलं की वर बर्फ, मध्ये पाणी, खाली मूळ बर्फ अशी थप्पी होते. ऑगर मध्येच खचकन खाली गेला तर तीच खूण. वरचं कवच हिशेबात धरायचं नाही, खालच्याची जाडी टोकाला हुक असलेल्या काठीने मोजायची. हिम गोठून झालेला पांढरा बर्फ पारदर्शकच्या निम्म्या ताकदीचा समजतात. नवा पारदर्शक बर्फ पायी चालायला किमान १० सेंमी, स्नोमोबाइलला १३ ते १८ सेंमी.

ध्रुवकाठी:
आणि हे सगळं वर येणाऱ्या पाण्याचं. हिवाळा सरताना वर साचलेलं पाणी भोकातून खाली जाताना दिसलं, तर तो वितळीचा ओघ. त्याने भोक वाटोळं होत मोठं होत जातं, कडा आतून खाल्ली जाते. तिथे बादली, पाळ वगैरे काही करू नका. भोवऱ्यापासून लांब सरका, हातखिळे (पाण्यात पडल्यास बर्फात रोवून वर यायचे) गळ्यात आहेत ना बघा, आणि आलेल्याच वाटेने काठाकडे निघा.